संगणकाच्या पेटीची निवड : नीरवता आणि वायुवीजन

१. प्रश्नाचे स्वरूप

विभागासाठी किंवा घरच्या अभ्यासिकेसाठी संगणक जुळवून घ्यावयाचा झाला, म्हणजे प्रोसेसर कोणता घ्यावा, मेमरी किती असावी, ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता आहे की नाही, यांविषयी पुष्कळ चर्चा होते. हे सर्व भाग ज्या पेटीत बसवावयाचे, आणि जिला बाजारात ‘कॅबिनेट’ या नावाने ओळखतात, तिचा विचार मात्र अगदी शेवटी आणि तोही बहुधा रंगरूपावरून केला जातो. वस्तुतः यंत्राचे इतर भाग तीनचार वर्षांनी बदलले जातात. पेटी दहा वर्षेही टिकते. शिवाय यंत्र किती आवाज करणार आणि उन्हाळ्यात ते आपल्या पूर्ण वेगाने चालणार की मंदावणार, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी पेटीवर अवलंबून असतात.

संशोधनाच्या ठिकाणी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. एखादे दीर्घ गणित रात्रंदिवस चालू असते. त्याच खोलीत कोणी वाचन करीत असतो, कोणी ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्यांचे लेखन करीत असतो. यंत्राची घरघर असह्य झाली की ते कोपऱ्यात, कपाटात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ढकलले जाते. तेथे ते तापते, आणि तापले म्हणजे अधिकच घरघरते. अखेरीस प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो, आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग प्रत्यक्षात मिळतच नाही.

या बाबतीत एक समजूत सर्वत्र रूढ आहे. शांत पेटी म्हणजे चारी बाजूंनी बंद, जाड पत्र्याची, आतून फोमचे अस्तर लावलेली. आणि थंड पेटी म्हणजे जाळीदार, उघडी, अर्थातच आवाज बाहेर सोडणारी. तेव्हा ग्राहकाने दोहोंपैकी एका गुणाचा त्याग करावा, असे गृहीत धरले जाते. हा विरोध बव्हंशी आभासात्मक आहे, आणि हवेला मोकळा मार्ग देणारी पेटीच सामान्यतः शांतही ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पदार्थविज्ञानातील दोनतीन साधे नियम आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

२. उष्णता किती?

प्रथम यंत्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे मान ठरविले पाहिजे. संगणक भिंतीवरील प्लगमधून जितकी विद्युत्‌शक्ती घेतो, तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो. म्हणजे प्लगशी वॅटमापक जोडून जो आकडा मिळेल, तोच पेटीतून बाहेर काढावयाच्या उष्णतेचा आकडा होय.

आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या वीजपुरवठा-संचाची क्षमता अवघी ६३.५ वॅट होती, आणि त्या संचातील एका पंख्यावर सर्व पेटीचे काम भागत असे. आज साध्या कार्यालयीन कामाचा संगणक याच मर्यादेत चालू शकतो. परंतु २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डासाठी ४५० वॅटची मर्यादा नेमलेली आहे, आणि त्याच वर्षीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत शक्ती घेऊ शकतो. या दोहोंचे यंत्र म्हणजे पूर्ण भारावर सुमारे ८०० वॅटची शेगडीच होय.

आपण मध्यम प्रतीचे उदाहरण घेऊ. प्रोसेसर ९० वॅट, ग्राफिक्स कार्ड २०० वॅट, मदरबोर्ड, मेमरी, डिस्क इत्यादी मिळून ५० वॅट, अशी एकंदर ३४० वॅट बेरीज होते. वीजपुरवठा-संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर प्लगमधून सुमारे ३८० वॅट घेतले जातील. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ४०० वॅट धरू.

३. हवा किती लागेल?

एक घनमीटर हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे १.२ किलोजूल उष्णता लागते. यावरून आवश्यक तो वायुप्रवाह काढता येतो. पेटीत शिरणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनी तापू द्यावयाची, असे ठरविले तर ४०० वॅट वाहून नेण्यास दर सेकंदास सुमारे ३३ लिटर, म्हणजे तासाला १२० घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. पंख्यांच्या वेष्टनावर हाच प्रवाह पुष्कळदा ‘सीएफएम’ या मानात, म्हणजे मिनिटास घनफूट अशा रीतीने, दिलेला असतो. एक सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर, तेव्हा आपली गरज सुमारे ७० सीएफएम ठरते. ६५ वॅटच्या कार्यालयीन यंत्रास याच अटीवर तासाला २० घनमीटर पुरतात, तर ८०० वॅटच्या यंत्रास २४० घनमीटर लागतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, वेष्टनावरील आकडा हा पंखा मोकळ्या हवेत, कोणताही अडथळा नसताना, किती हवा लोटतो याचा असतो. पेटीत बसविल्यावर जाळी, गाळणी आणि आतील भाग यांच्या अडथळ्यामुळे तो बराच घटतो; निम्मा उरला तरी आश्चर्य मानू नये. दुसरी अशी की, समोरील पंखे हवा आत घेतात आणि मागचा पंखा तीच हवा बाहेर टाकतो. म्हणून आत घेणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या पंख्यांच्या प्रवाहांची बेरीज करणे चूक होय. पेटीत जितकी हवा शिरते, तितकीच बाहेर पडते.

४. पंख्यांचे नियम

पंख्यांच्या वर्तनाचे काही नियम अभियांत्रिकीत सुपरिचित आहेत. एकाच पंख्याचा वेग बदलला असता प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो. पंखा जो दाब निर्माण करू शकतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आणि त्याची ध्वनिशक्ती मात्र वेगाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केला असता प्रवाह निम्मा होतो, परंतु ध्वनिशक्ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. डेसिबेलच्या भाषेत ही घट १५ डेसिबेल होय. १० डेसिबेलची घट मानवी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी भासते, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीचे महत्त्व कळून येईल.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे शेजारी-शेजारी निम्म्या वेगाने चालविले, तर प्रवाह जवळपास तितकाच राहतो. दोन समान ध्वनी एकत्र आल्याने ३ डेसिबेलची भर पडते खरी, पण वेग घटल्याने १५ डेसिबेल वजा होतात. निव्वळ लाभ १२ डेसिबेलचा. ‘पंखे जितके अधिक, तितका आवाज अधिक’ ही समजूत, पंखे सावकाश चालविले असता, खरी नव्हे.

दुसरा निष्कर्ष पंख्याच्या आकारासंबंधी आहे. सारख्या घडणीच्या पंख्यांत व्यास वाढविला की प्रवाह व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १४० मिलिमीटरचा घेतला, तर तोच प्रवाह सुमारे ६३ टक्के वेगाने मिळतो. मोठी पाती स्वतः अधिक आवाज करतात, हे हिशेबात धरूनही निव्वळ घट सुमारे ५ डेसिबेलची होते. ८० मिलिमीटरचा जुन्या पद्धतीचा पंखा आणि १२० मिलिमीटरचा पंखा यांची तुलना केली, तर हाच लाभ १४ डेसिबेलच्या घरात जातो.

परंतु या दोन्ही उपायांना एक मोल द्यावे लागते. मंद फिरणाऱ्या पंख्याचा दाब फार थोडा असतो. वेग निम्मा केला की दाब चतुर्थांश होतो. वरील १४० मिलिमीटरच्या पंख्याचा दाबही मूळच्या सुमारे ५४ टक्केच उरतो. मोठा व मंद पंखा शांत असतो, परंतु तो दुर्बळ असतो. अडथळ्यातून हवा ओढून आणण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. पेटीच्या रचनेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

५. अडथळ्याचा हिशेब

समोरून संपूर्ण बंद दिसणाऱ्या पेटीत हवा शिरते तरी कोठून? बहुधा दर्शनी पट्टीच्या दोन्ही कडांना ठेवलेल्या अरुंद फटींतून. समजा, प्रत्येक फट ४० सेंटिमीटर उंच व पाऊण सेंटिमीटर रुंद आहे. दोहोंचे मिळून क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर झाले. आपली ३३ लिटर हवा यातून दर सेकंदास न्यावयाची, तर तिचा वेग सेकंदास साडेपाच मीटरवर जातो. आणि फटीत शिरताना प्रवाह आणखी आकुंचन पावतो, हे लक्षात घेता त्यासाठी सुमारे ५० पास्कल दाब लागतो. सामान्य १२० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगाने चालवून त्याचा प्रवाह अगदी रोखून धरला, तरी निर्माण होणारा दाब बहुधा १५ ते ३० पास्कलच भरतो. म्हणजे हा प्रवाह त्या फटींतून मिळणे शक्यच नाही.

आता त्याच पंख्यांसमोर ५०० चौरस सेंटिमीटरची जाळी आहे आणि तिचा निम्मा भाग छिद्रांचा आहे, असे समजू. मोकळे क्षेत्रफळ २५० चौरस सेंटिमीटर झाले. लागणारा दाब क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो ५० पास्कलवरून सुमारे ३ पास्कलवर येतो. एवढा दाब निम्म्या वेगाने चालणारा पंखाही देऊ शकतो.

या दोन पेट्यांत प्रत्यक्ष काय घडेल, हे आता सांगता येईल. बंद पेटीत प्रवाह अपुरा पडल्याने आतील हवा तापत जाईल. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचे स्वतःचे पंखे तापमान पाहून आपला वेग आपोआप वाढवितात. तेव्हा ते पूर्ण वेगाने फिरू लागतील, आणि वेगाच्या पाचव्या घाताचा नियम आपल्या विरुद्ध काम करू लागेल. जाळीच्या पेटीत मात्र सर्वच पंखे मंद राहतील. पहिली पेटी आवाज अडविते, पण तो आवाज तिच्यामुळेच निर्माण झालेला असतो. दुसरी पेटी आवाज अडवीत नाही, परंतु अडवावा असा आवाज तिच्यात फारसा होतच नाही.

पेट्यांच्या इतिहासातही हाच प्रवास दिसतो. मदरबोर्ड व पेटी यांची एटीएक्स ही आजही प्रचलित असलेली प्रमाण मापे इंटेल कंपनीने १९९५ साली ठरविली; त्या वेळी उष्णतेचे मान अल्प होते. पुढे ते वाढले, तेव्हा हवा समोरून थेट प्रोसेसरवर यावी अशी बीटीएक्स नावाची रचना इंटेलने २००३ साली जाहीर केली. परंतु ती रुजली नाही आणि २००६ मध्ये कंपनीने तिचा पाठपुरावा सोडला. शांत पेटी म्हणजे अस्तराची बंद पेटी, हा संकेत त्यानंतरच्या काळात दृढ झाला. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीची ‘डिफाइन’ ही मालिका त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच कंपनीने २०२१ साली ‘टॉरेंट’ ही पेटी काढली, तीत समोर जवळजवळ संपूर्ण उघडी जाळी आणि तिच्यामागे १८० मिलिमीटरचे दोन मोठे पंखे आहेत. बी क्वाएट या जर्मन कंपनीच्या ‘सायलेंट बेस ८०२’ या पेटीबरोबर बंद आणि जाळीदार अशा दोन्ही पट्ट्या दिल्या जातात व त्या अदलून बदलून लावता येतात. शांततेसाठी नावाजलेल्या कंपन्यांनाही मोकळ्या मार्गाचे महत्त्व मान्य करावे लागले, एवढे यावरून दिसून येते.

६. फोमच्या अस्तराची मर्यादा

मग फोमचे अस्तर निरुपयोगी समजावे काय? तसेही म्हणता येणार नाही. सच्छिद्र द्रव्य ध्वनी शोषून घेते, परंतु त्यासाठी त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाशी तुलना करण्याजोगी असावी लागते. सात पात्यांचा पंखा मिनिटास १२०० फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्यांचा मूळ स्वर १४० हर्ट्झ कंप्रतेचा असतो आणि त्याची तरंगलांबी जवळजवळ अडीच मीटर भरते. एक सेंटिमीटर जाडीच्या फोमचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. याउलट ५००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. तेथे हा फोम पुष्कळ उपयोगी पडतो.

म्हणून अस्तराचा खरा उपयोग उच्च स्वरांसाठी आहे. काही ग्राफिक्स कार्डांतील वेटोळी भाराखाली एक बारीक, कर्कश चिरचिर करतात. असा ध्वनी बंद पट्टी व अस्तर यांनी चांगला दबतो. डांबरमिश्रित जड पत्रे बाजूंना चिकटविलेले असतात, त्यांचे कार्य निराळे आहे. ते पत्र्याचे वजन वाढवून त्याचे थरथरणे कमी करतात. यंत्राची उष्णता १०० वॅटच्या आत असेल, तर बंद व अस्तरयुक्त पेटी घेण्यास काहीच प्रत्यवाय नाही. तेथे थोडीशी हवाही पुरते. मात्र ३०० ते ४०० वॅटच्या यंत्रास केवळ वेष्टनावर ‘सायलेंट’ असा शब्द आहे म्हणून ती घेणे, हा सौदा आतबट्ट्याचा ठरतो.

७. कंप आणि अनुस्पंदन

हवेतून येणाऱ्या ध्वनीखेरीज घन पदार्थांतून पसरणारा कंप हाही आवाजाचा एक स्रोत आहे. मिनिटास ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क १२० हर्ट्झचा कंप उत्पन्न करते, तर ५४०० फेऱ्यांची ९० हर्ट्झचा. पातळ पत्र्याच्या पेटीत या कंपाने अनुस्पंदन सुरू झाले, म्हणजे सबंध बाजू ध्वनिवर्धकाच्या पडद्याप्रमाणे गुणगुणू लागते. यावर उपाय सोपा आहे. डिस्क रबराच्या चकत्यांवर बसविण्याची सोय असलेली पेटी घ्यावी, आणि पेटीचे पाय रबरी असावेत. शक्य तेथे फिरणारी डिस्क काढून एसएसडी वापरली, तर हा स्रोत समूळ नाहीसा होतो.

पंखा जाळीला अगदी चिकटून असेल, तर पात्यांजवळील हवेचा प्रवाह बिघडून एक वेगळाच सूर निघतो. जाळी व पंखा यांत एकदोन सेंटिमीटर अंतर असलेली रचना या दृष्टीने श्रेयस्कर होय.

उष्ण हवा स्वभावतः वर जाते, म्हणून छतावर मोठे छिद्र असलेच पाहिजे, असेही सांगितले जाते. या चढणाऱ्या हवेचा जोर किती? पेटीची उंची अर्धा मीटर आणि तापमानातील फरक १० अंश धरला, तर तो सुमारे ०.२ पास्कल भरतो. अगदी मंद पंख्याच्या दाबापुढेही तो नगण्य आहे. वरचे छिद्र घातक नाही, परंतु त्यावाचून अडतही नाही. समोरून शिरणारी हवा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांवरून सरळ मागे जाते की नाही, हे पाहणे त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

८. आपल्या हवामानाचा विचार

पेट्यांची परीक्षणे बहुधा परदेशात आणि २० ते २२ अंशांच्या खोलीत केलेली असतात. ती वाचताना महाराष्ट्रातील वाचकाने एक दुरुस्ती करून घेतली पाहिजे. खोलीचे तापमान जितके वाढते, तितकेच, पंख्यांचा वेग न बदलल्यास, आतील भागांचे तापमानही जवळपास वाढते. परीक्षणात २१ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८० अंशांवर आढळला असेल, तर ३८ अंशांच्या खोलीत तो ९७ अंशांवर जाईल. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे; अर्थात तेथे एक तर पंखे वेगाने फिरतील किंवा प्रोसेसर मंदावेल. विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३८ अंश ही कल्पना नव्हे, नित्याचा अनुभव होय. म्हणून आपल्याकडे परीक्षणात ‘काठावर उत्तीर्ण’ ठरलेली पेटी अनुत्तीर्णच समजावी.

ऋतूंचा आणखी एक परिणाम आहे. उन्हाळ्यात छताचा पंखा चालू असतो आणि त्याच्या आवाजात संगणकाचा आवाज बुडून जातो. डिसेंबरातील रात्री तो बंद असतो. तेव्हा तेच यंत्र स्पष्ट ऐकू येते, परंतु तेव्हा खोली थंड असल्याने पंखे मंद ठेवणेही शक्य असते. तापमानानुसार पंख्याचा वेग ठरविण्याची जी सोय मदरबोर्डमध्ये असते, ती या दृष्टीने नीट जुळवून घ्यावी. वेग क्षणोक्षणी चढउतार करू लागला तर तो स्थिर आवाजापेक्षाही अधिक त्रासदायक होतो. म्हणून तापमानातील क्षणिक बदलांस पंख्याने ताबडतोब प्रतिसाद देऊ नये, अशी योजना करावी.

तिसरी गोष्ट धुळीची. जाळीदार पेटीवर धूळ शिरण्याचा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. परंतु बंद पेटीतही हवेबरोबर धूळ शिरतेच. यावर उपाय म्हणजे आत घेणाऱ्या पंख्यांसमोर गाळणी लावणे आणि बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा त्यांचा प्रवाह किंचित अधिक ठेवणे. असे केल्यास पेटीतील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो आणि सांध्यांतील फटींतून न गाळलेली हवा आत येत नाही. गाळणी पेटी न हलविता, स्क्रू न काढता बाहेर येईल अशी असावी. कारण जी सहज निघत नाही, ती धुतली जात नाही, आणि धुळीने भरलेली गाळणी मोकळ्या पेटीची बंद पेटी करून टाकते. दख्खनच्या कोरड्या भागात उन्हाळ्यात ती महिन्यातून एकदा तरी धुवावी.

आपल्याकडील संगणकाच्या टेबलांना खाली एक बंद कप्पा केलेला असतो. त्यात पेटी ठेवली असता मागून बाहेर पडलेली गरम हवा कप्प्यातच कोंडून पुन्हा समोरून आत ओढली जाते. अशा वेळी उत्तम पेटीचाही उपयोग होत नाही. पेटी कप्प्याबाहेर, भिंतीपासून किमान वीतभर अंतरावर ठेवावी. ती कानाजवळ टेबलावर न ठेवता जरा दूर ठेवली तर आवाजही घटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले असता ६ डेसिबेल कमी होतात, बंद खोलीत त्याहून काहीसे कमी.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा एक क्रम सुचविता येतो.

प्रथम, उष्णता कमी करावी. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तो दहा टक्क्यांनी कमी करता आला, तर त्याच वेगावर या शक्तीत १९ टक्के घट होते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची शक्तिमर्यादा थोडी खाली आणण्याची सोय आज बहुतेक यंत्रांत आहे आणि तिला काही मोल पडत नाही. जी उष्णता निर्माणच झाली नाही, तिच्यासाठी पंखा लागत नाही.

दुसरे, उरलेल्या उष्णतेवरून आवश्यक प्रवाह काढावा. आपल्या ४०० वॅटच्या यंत्रास समोर १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत घेण्यासाठी आणि मागे एक बाहेर टाकण्यासाठी, हा योग्य आरंभ होय. असा चांगला पंखा मिनिटास १००० फेऱ्यांनी मोकळ्या हवेत तासाला सुमारे ९० घनमीटर हवा देतो. दोहोंचे १८० होतात. पेटीतील अडथळ्याने एक तृतीयांश घट धरली तर १२० उरतात. घट याहून अधिक आढळल्यास समोर तिसरा पंखा बसविण्यास जागा असावी.

तिसरे, पेटीची समोरची बाजू डोळ्यांनी तपासावी. जाळीतून पंखा दिसतो काय? छिद्रांचा भाग निम्म्याहून कमी तर नाही? काचेची किंवा प्लास्टिकची शोभेची पट्टी समोर असल्यास हवा कोठून येते, आणि त्या मार्गाची रुंदी किती, हे मोजावे. मापपट्टी घेऊन केलेला गुणाकार विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वसनीय असतो.

चौथे, आतील मापे पाहावीत. मोठा हीटसिंक मंद पंख्यावरही काम भागवितो, परंतु तो उंच असतो. काहींची उंची १६५ मिलिमीटरपर्यंत जाते. तो आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी पेटीत मावते की नाही, हे आधीच पडताळावे. द्रवाने थंड करण्याची योजना केली, तरी ती उष्णता शेवटी रेडिएटरमधून हवेलाच द्यावी लागते, आणि पंपाच्या आवाजाची भर पडते. तेव्हा हवेच्या मोकळ्या मार्गाची गरज तीमुळे टळत नाही.

पाचवे, आवाजाचे आकडे वाचताना अंतर कोणते आणि प्रवाह किती, हे विचारावे. यंत्राच्या कडेपासून एक मीटरवर मोजलेले ३० डेसिबेल आणि अर्ध्या मीटरवर मोजलेले ३० डेसिबेल एकच नव्हेत. तसेच तापमानाचा उल्लेख नसलेला आवाजाचा आकडा आणि आवाजाचा उल्लेख नसलेला तापमानाचा आकडा, हे दोन्ही अर्धवट होत. तुलना करावयाची ती समान आवाजावरील तापमानांची, किंवा समान तापमानावरील आवाजांची.

ज्यांच्यापाशी पेटी आधीच आहे, त्यांनी नवी घेण्यापूर्वी एक प्रयोग करावा. यंत्र अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि पंख्यांचे फेरे टिपून घ्यावेत. मग समोरची पट्टी काढून तोच प्रयोग पुन्हा करावा. तापमान पाचसहा अंशांनी उतरले, किंवा तेवढ्याच तापमानावर पंखे लक्षणीय मंद झाले, तर दोष पंख्यांचा नसून पट्टीचा आहे असे समजावे. फारसा फरक न पडल्यास पेटी निर्दोष आहे; दोष हीटसिंक, धूळ किंवा पेटी ठेवलेली जागा यांत शोधावा. एका दुपारच्या या प्रयोगाने नव्या पेटीचा खर्च पुष्कळदा वाचू शकेल.

१०. उपसंहार

सारांश, नीरवता ही पेटीवर बाहेरून चढविण्याची वस्तू नव्हे. उष्णता कमी असणे, हवेचा मार्ग मोकळा असणे आणि पंखे मोठे व मंद असणे, या तीन गोष्टी साधल्या म्हणजे ती आपोआप येते. आणि याच तीन गोष्टी यंत्रास थंडही ठेवतात. अस्तर, जड पत्रे आणि रबराच्या चकत्या यांचे स्थान त्यानंतरचे आहे. विभागीय खरेदीच्या मागणीपत्रात पेटीसंबंधी बहुधा एकच ओळ असते. तीत समोरील मोकळ्या क्षेत्रफळाचे मान, पंख्यांचे व्यास आणि सहज निघणारी गाळणी, एवढ्या तीन अटी घातल्या, तरी वाचन-कक्षातील शांतता आणि चालू गणिताचा वेग या दोहोंचेही रक्षण होईल.